पेटी घ्यावी ती कोणती?

२०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य शासनाने १८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचं अनुदान जाहीर केलं. हार्मोनियम, मृदंग, पखवाज, वीणा, टाळ अशा साहित्याच्या खरेदीसाठी हे पैसे होते. बुलडाणा जिल्ह्यात भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. त्यामुळे ही बातमी आली तशी पारावर आणि देवळाच्या ओट्यावर एक जुनाच प्रश्न नव्याने निघाला. बाकीचं साहित्य घेता येईल, पण पेटी कोणती घ्यायची? टाळ हातात घेऊन वाजवला की कळतो, मृदंगावर थाप मारली की कळतो. पेटीचं तसं नाही. तिचं सगळं खरंखोटं आत असतं, आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा बाहेरून बघून पैसे मोजतं.

शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा असं साहित्य वर्षानुवर्षं दिलं आहे. दिंडीची गरज त्यात भागते, कारण चालत्या दिंडीत पेटीला जागाच नसते. पेटी लागते ती बसून करायच्या भजनाला, कीर्तनाला, सप्ताहाला. तिच्यासाठी गावाला स्वतः वर्गणी काढावी लागते. शाळेत प्रार्थनेला पेटी लागते, गुरुदेव सेवा मंडळात खंजिरीच्या जोडीला लागते, भीमगीतांच्या कार्यक्रमात लागते, कव्वालीला तर तिच्यावाचून उभंच राहता येत नाही. अलीकडे यात आणखी एक गिऱ्हाईक आलं आहे. बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूरसारख्या गावांत मुलीला ऑनलाइन पियानोचा क्लास लावलेले आईवडील विचारतात की पेटी घ्यावी, कीबोर्ड घ्यावा, की पियानोच आणावा?

पेटी इथली नाही, हे तिच्या विरोधात पुष्कळदा बोललं गेलं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४० च्या दशकाच्या आरंभी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचं होतं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते भारतीय बैठकीत आणलं. पाय सुटले, भाता मागे आला, एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर. मराठी माणसाच्या कानात ते बसवलं संगीत नाटकाने. गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक. १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या आणि त्या चाली महाराष्ट्रभर घरोघरच्या पेट्यांवर वाजल्या. पुढे भावगीत आलं. त्या कथेत मेहकरचा वाटा मोठा आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गायली, आणि मराठी भावगीताचा आरंभ सांगताना आजही त्या ध्वनिमुद्रिकेचं नाव घेतलं जातं. गाणं घरात म्हणायचं झालं की पेटी आलीच.

एवढं सगळं होऊनही १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केलं. ही पेटी भारतीय श्रुती दाखवू शकत नाही, तिच्यात मींड निघत नाही, हा आक्षेप होता, आणि तो शास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता. बंदी सैल व्हायला १९७० नंतरचा काळ उजाडला. मधल्या तीस वर्षांत खेड्यातल्या भजनाने मात्र पेटी एक दिवसही खाली ठेवली नाही. जालन्याकडचे आप्पा जळगावकर, गोव्याचे तुळशीदास बोरकर, गोविंदराव पटवर्धन यांनी साथीला आणि एकलवादनाला जी उंची दिली, तिच्यापुढे तो जुना वाद मागे पडला. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी तर पेटीत स्वतः फेरफार करून तिला स्वतंत्र वादनाचं वाद्य म्हणून उभं केलं.

आता दुकानात शिरू.

पेटीची किंमत साधारण दहा-बारा हजारांपासून सुरू होते आणि लाखाच्या पुढेही जाते. हा फरक लाकडाच्या चकाकीत नसतो, सुरांत असतो. सूर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, ज्यांना दुकानदार रीड म्हणतात. भात्याची हवा त्या पट्टीखालून जाते, पट्टी थरथरते आणि आवाज निघतो. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याला हे सूर बनवण्याचा मोठा व्यवसाय आहे. जुन्या जाणत्यांच्या तोंडी आजही ‘जर्मन सूर’ आणि ‘पॅरिस सूर’ ही नावं येतात. ते युरोपातून आयात होत तेव्हाचे, आणि जुन्या पेट्यांमधून काढून नव्यात बसवलेले असे सूर वेगळी किंमत मागतात. पण जर्मन म्हणून सांगितलेली प्रत्येक पट्टी जर्मन नसते. नवख्या माणसाने नावापेक्षा कानावर विसंबावं, आणि कान तयार नसेल तर तयार कानाचा माणूस बरोबर न्यावा.

सुरांच्या ओळी किती, हा पुढचा प्रश्न. खर्ज, नर आणि मादी अशा तीन सप्तकांतल्या ओळी असतात. दोन ओळींच्या पेटीत खर्ज-नर ही जोडी शास्त्रीय आणि सुगम गाण्याच्या साथीला भरदार लागते. वीस टाळांच्या गजरात मात्र खर्ज बुडतो, आणि तिथे नर-मादीचा धारदार आवाज वर येतो. म्हणून भजनी मंडळाने शहरातल्या गायनक्लासची पेटी बघून तशीच मागवू नये. तीन ओळींची पेटी दोन्हीकडे चालते, पण तिला हवा जास्त लागते, भाता सतत मारावा लागतो आणि वजनही वाढतं. पट्ट्या ३७, ३९ किंवा ४२ मिळतात. ४२ म्हणजे साडेतीन सप्तकं. भजनाला ३९ पुरून उरतात.

दुकानातली परीक्षा दहा मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आधी सगळे स्टॉप, म्हणजे सुरांच्या ओळी उघडणाऱ्या समोरच्या खुंट्या, आत ढकलून बंद करायचे, भाता पूर्ण भरायचा आणि हात काढून घ्यायचा. आतला भाता लगेच बसायला लागला तर हवा गळते आहे. चांगल्या पेटीत तो बराच वेळ तसाच फुगलेला राहतो. मग स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारायचा. कुठूनही बारीक सूं असा आवाज आला, तर एखाद्या झडपेची चामडी नीट बसलेली नाही. त्यानंतर डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत जायची, काळी-पांढरी सगळी, आणि प्रत्येक पट्टी अगदी हलक्या हवेवर. जोराच्या हवेवर कसलाही सूर बोलतो. हलक्या हवेवर जो उशिरा बोलतो तो सूर पुढे त्रास देणार. दोन ओळी एकत्र उघडल्या की एकाच स्वराचे दोन सूर मिळून स्थिर ऐकू यायला हवेत. आवाजात लाट उठत असेल तर ट्युनिंग कच्चं आहे. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप घेऊन बसलं तरी चालतं, त्यात मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला असायला हवी. शेवटी वरचं झाकण उघडून आत बघायला मागायचं. दाखवायला जो दुकानदार कां-कूं करतो, त्याचं दुकान सोडावं.

या सगळ्यात सर्वांत जास्त पैसा जिथे वाया जातो, ते प्रकरण म्हणजे स्केल चेंजर. या पेटीत पट्ट्यांची सगळी फळी सुरांवरून आडवी सरकते. वादकाने काळी एकमध्ये बोटं बसवली असतील आणि गायिकेची पट्टी काळी पाच असेल, तर फळी सरकवायची आणि त्याच बोटांनी वाजवायचं. रोज वेगळ्या गायकाला साथ करणाऱ्या माणसाला, कव्वाली पार्टीला किंवा ऑर्केस्ट्राला ही सोय खरोखर मोलाची आहे. पण एखाद्या गावच्या मंडळात तेच पाच-सहा गाणारे, तीच चढी पट्टी आणि मृदंगाचं तोंडही त्याच पट्टीला चढवलेलं असतं, तिथे स्केल चेंजर वर्षानुवर्षं एकाच खाचेत पडून राहतो. त्यासाठी मोजलेले दहा-पंधरा हजार सुरांसाठी मोजले असते, तर पेटी दुप्पट चांगली आली असती. सरकणारे भाग वाढले की वजन वाढतं, धूळ शिरायला वाटा वाढतात आणि दुरुस्ती अवघड होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सप्ताहाला जाणाऱ्या पेटीला तर ते अजिबात मानवत नाही.

शिकणाऱ्यांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे, जो दुकानात कुणी सांगत नाही. कारखान्यातून येणारी पेटी बारा स्वरांचे समान भाग करून लावलेली असते. त्यात गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो, म्हणजे एका अर्धस्वराचा सातवा भाग. तंबोऱ्याबरोबर तो कानाला टोचतो. म्हणून शास्त्रीय गाणारे लोक ‘गांधार ट्युनिंग’ करून घेतात. हे ट्युनिंग कोणत्या तरी एकाच षड्जाला धरून होतं. सा बदलला की सगळा हिशेब बिघडतो. मग स्केल चेंजरची पेटी घ्यायची आणि तिचं गांधार ट्युनिंगही करायचं, याला अर्थ राहत नाही. तरी दोन्हींचे पैसे देणारे भेटतात. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवून या प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलं, पण ती अभ्यासकाची पेटी आहे.

पेटी घरी आली की तिचा खरा सासुरवास सुरू होतो. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरावर, थोडं थंड. खाली घाट उतरून मलकापूर, नांदुरा, खामगावच्या सपाटीवर आलं की मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. त्या दिवसांत कच्चं लाकूड आकसतं, सुरांची पाटी तडकते आणि हवा गळायला लागते. जुलैत तेच लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. म्हणून इथल्या गिऱ्हाइकाने जुन्या, मुरलेल्या सागवानाचा आग्रह धरणं ही हौस नाही, गरज आहे. देवळातल्या पत्र्याच्या खोलीत पेटी ठेवू नये. उंदीर भात्याचं कापड आणि चामडी कुरतडतात, तेव्हा ती लाकडी खोक्यात, जमिनीपासून वर ठेवावी आणि खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकाव्यात. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी वाजवावी. बंद पडून राहिलेली पेटी वाजत्या पेटीपेक्षा लवकर बिघडते.

एखादा सूर अचानक मुका झाला तर घाबरून शहर गाठायची गरज नसते. दहातल्या आठ वेळा पितळी पट्टी आणि तिची चौकट यांच्यामधल्या बारीक फटीत धुळीचा कण, सुताचा तुकडा किंवा एखादा चिमुकला किडा अडकलेला असतो. झाकण काढून, तो सूर शोधून, पट्टीचं टोक नखाने अलगद उचलून खालून पातळ कागदाची चिठ्ठी फिरवली की तो बोलायला लागतो. इथवर मंडळातल्या एका तरुणाने शिकून घ्यावं. याच्या पुढे मात्र जाऊ नये. बेसूर झालेली पट्टी टोकाकडे खरवडली की स्वर चढतो आणि मुळाकडे खरवडली की उतरतो, हे यूट्यूबवर बघून पुष्कळांना कळतं. पण किती खरवडायचं हे हाताला कळायला वर्षं लागतात. पितळ एकदा गेलं की परत लावता येत नाही.

म्हणून खरेदीआधीचा पहिला प्रश्न ‘कितीला’ हा नसून ‘दुरुस्त कोण करणार’ हा असावा. जिल्ह्याला लागून अकोला, जळगाव, जालना, छत्रपती संभाजीनगर आहेत, तिथे कारागीर मिळतो का ते आधी बघावं. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाते. पुण्या-मुंबईच्या नामांकित कारागिराची पेटी घ्यायला हरकत नाही, पण ती दोन वर्षांनी पुन्हा त्याच्याकडे न्यावी लागेल हे धरून चालावं. ऑनलाइन मागवलेली पेटी तर कुणाचीच नसते. फोटोत सूर ऐकू येत नाहीत, आणि परत पाठवताना होणारा प्रवास तिला आणखी खिळखिळी करतो.

जुनी पेटी हा इथे सर्वांत दुर्लक्षिलेला पर्याय आहे. कितीतरी वाड्यांत आणि निवृत्त संगीतशिक्षकांच्या घरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या पेट्या माळ्यावर पडून आहेत. भाता फाटलेला, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, पण आतले सूर आणि सागवान आजच्या पंधरा हजारांच्या पेटीत मिळणार नाही असं. भाता, चामडी आणि नमदा बदलता येतो. सुरांवर हिरवट गंज खोल गेला असेल किंवा पाटीला आरपार तडा असेल तर सोडून द्यावी, एरवी कारागिराला दाखवून हिशेब करावा.

कीबोर्डचा पर्याय आता लग्नातल्या बेंजो पार्टीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे पोचला आहे. ६१ पट्ट्यांचे, तबला आणि तानपुऱ्याचे आवाज असलेले कीबोर्ड कॅसिओ आणि यामाहा खास भारतासाठी काढतात. जी पट्टी बदलायला पेटीत स्केल चेंजर लागतो, ती इथे एका बटणावर बदलते, आणि ट्युनिंग कधी उतरत नाही. ज्या शाळेत संगीतशिक्षक दर दोन वर्षांनी बदलतात आणि पेटीची काळजी घ्यायला कुणी नसतं, तिथे कीबोर्ड शहाणपणाचा. भजनाला तो पुरा पडत नाही, कारण भात्याने श्वासासारखा कमी-जास्त होणारा आवाज बटणाला जमत नाही, आणि काकड्याच्या वेळी पहाटे वीज गेली की तो बसतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षांना बसायचं असेल, तर सराव पेटीवरच हवा.

राहिला पियानो. खरा, तारांचा पियानो. त्यात ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात, सगळ्या तारांचा मिळून ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो, आणि भिंतीला टेकून उभा राहणारा साधा पियानोही २०० किलोंच्या पुढे भरतो. एवढा ताण लोखंडी चौकट पेलते, पण आवाज देणारी पाटी लाकडी असते आणि ती हवेप्रमाणे फुगते-आकसते, म्हणून हवेतला दमटपणा वर्षभर सारखा लागतो. बुलडाण्याच्या मे आणि जुलैमधला फरक बघता वर्षातून दोनदा ट्युनिंग अटळ, आणि ट्यूनर येणार मुंबई किंवा पुण्याहून. मुंबईत १८६५ पासूनचं फुर्ताडोज आहे, गोव्यात चर्चच्या आधाराने वाढलेली पाश्चात्त्य संगीताची परंपरा आहे. तिथे पियानो टिकला तो त्याला लावणारे हात जवळ असल्यामुळे. जपानहून आलेले वापरलेले यामाहा आणि कवाई महानगरांत विकले जातात आणि त्यांच्या आकर्षक किमती फोनवर दिसतात. त्यांचं वय अनुक्रमांकावरून काढता येतं. पण तारा ज्या खुंट्यांना ताणलेल्या असतात, त्या खुंट्या धरून ठेवणारा लाकडी ठोकळा चिरलेला असेल तर तो पियानो महिनाभरही सुरात राहत नाही, आणि ते जाणकाराशिवाय ओळखता येत नाही. इथल्या घरात असा पियानो आणू नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

क्लास लावलेल्या मुलीसाठी योग्य उत्तर आहे डिजिटल पियानो. पट्ट्या पूर्ण ८८ आणि वजनदार, म्हणजे ज्याला हॅमर ॲक्शन म्हणतात तशा, आणि सोबत पायातला सस्टेन पेडल. यामाहाचा पी-१४५ किंवा रोलँडचा एफपी-१० यांसारखी सुरुवातीची मॉडेलं वजनाने ११-१२ किलोंची आहेत आणि किमतीने साधारण चांगल्या स्केल चेंजर पेटीच्या आसपास येतात. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर ट्रिनिटीसारख्या परीक्षेच्या पहिल्या पायऱ्या निघतील, पण बोटांत ताकद येणार नाही आणि दोन वर्षांत तो विकावा लागेल. तेव्हा आधी स्वस्त आणि मग चांगला असा दोनदा खर्च करण्यापेक्षा सहा महिने पेटीवर किंवा उसन्या कीबोर्डवर मुलगी टिकते का ते बघावं, आणि मग एकदाच नीट घ्यावं.

भजनी मंडळांना सांगायचं ते असं. २५ हजार हातात आले तर पेटीवर १८-२० हजारांपर्यंत जावं, टाळ-मृदंग असतील ते दुरुस्त करून वापरावेत, स्केल चेंजर घेऊ नये, आणि तीन हजार बाजूला ठेवून पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आत पेटी कारागिराकडे न्यावी. नव्या पेटीचे सूर पहिल्या वर्षात थोडे हलतातच. ते एकदा नीट लावून घेतले की पुढची काही वर्षं ती निर्धास्त वाजते.